जोड्या लावा

चिखलीत, अमडापूरला, उंद्रीला, केळवदला, जिथं कुठं तुम्ही ऐकत असाल, भाकरी थापता थापता नाही तर तूर निवडता निवडता, तिथं तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

आज मी इंग्रजीबद्दल बोलणार आहे. थांबा, लगेच रेडिओ बंद करू नका. मी काही इंग्रजीची बाई नाही. खेड्यातल्या मराठी शाळेत दहावी झाले आणि इंग्रजीत कशीबशी पास झाले. तुमच्यापैकी ज्यांची पहिली २००० सालाच्या आधी झाली, त्यांनीही माझ्यासारखी ए-बी-सी-डी पाचवीतच पाहिली असेल. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० च्या जूनपासून. म्हणजे आपल्या लेकरांना पहिलीत जे मिळालं, ते आपल्याला पाचवीत मिळालं, आणि पुढं लग्न, घर, शेत यांत होतं तेवढंही पुसून गेलं.

मग मी आज इथं का बसले? तर एका सहीमुळे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीच्या एका बाईनं शिलाई मशीनसाठी कर्ज काढलं. कुठून काढलं ते सोडा. कागद घेऊन आलेला माणूस म्हणाला, "ताई, इथं एक सही करा, नुसती फॉर्मॅलिटी आहे." मी सही करण्याआधी वाचलं बरं का. अक्षरं जुळवून जुळवून वाचलं. लिहिलं होतं, ‘गॅरंटर’. मला वाटलं, आपण मिक्सर घेतो तेव्हा दोन वर्षांची गॅरंटी असते, तसंच काहीतरी असेल. ही बाई चांगली आहे, याची मी गॅरंटी देते, एवढंच. मी सही ठोकली.

चार महिन्यांनी ती बाई नवऱ्याबरोबर पुण्याकडं कामाला गेली आणि हप्ते थांबले. नोटीस माझ्या घरी आली. मी म्हटलं, "मी तर फक्त साक्षीदार होते." तेव्हा मला कळलं की साक्षीदाराला ‘विटनेस’ म्हणतात. ‘गॅरंटर’ म्हणजे जामीनदार. दुसऱ्यानं कर्ज फेडलं नाही तर ते फेडायला जो बांधला जातो, तो. आपल्याकडं १८७२ चा करार कायदा आहे, त्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर कर्जदारावर जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदारावर. मी तीन हप्ते भरले, दिवाळीसाठी बाजूला टाकलेल्या पैशातून. पुढं त्या बाईनं ते परत केले, म्हणून आमचं बोलणं राहिलं.

पण मला त्या पैशांपेक्षा एक गोष्ट जास्त लागली. मी तो शब्द वाचला होता. शब्द माझ्या तोंडातलाच होता, ‘गॅरंटी’चा भाऊ. मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही म्हणता येणार. मी त्या शब्दाची जोडी चुकीच्या अर्थाशी लावली होती, एवढंच.

म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच आहे. आपल्याला इंग्रजी शब्द कमी येतात ही आपली खरी अडचण नाही. येतात ते शब्द अर्ध्या अर्थानं येतात, ही अडचण आहे. आणि ती दूर करायला क्लास लावावा लागत नाही. शाळेतला ‘जोड्या लावा’ हा प्रश्न आठवतो का? डावीकडं अ गट, उजवीकडं ब गट, मधे रेघा. तेवढ्यानं काम होतं. फक्त तो नीट खेळावा लागतो. कसा, ते सांगते.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा आम्ही ठरवलं, सकाळपासून तोंडात आलेले इंग्रजी शब्द लिहून काढायचे. गॅस, लायटर, कुकर, मिक्सर, बटन, चार्जर, रिचार्ज, टिफिन, ड्रेस, बिल, लाईट, मोटर, पाईप, स्प्रे, डॉक्टर, सलाईन, रिपोर्ट, टेन्शन. बारा बायांनी मिळून बघता बघता शंभराच्या वर शब्द काढले. एक काकू, कधी शाळेत न गेलेल्या, त्यांनी एकट्यांनी वीस सांगितले. मग म्हणाल्या, "माय व, म्हणजे मले इंग्रजी येते म्हना की!"

येतंच. पण आता पुढचं ऐका. त्याच काकूंना मी विचारलं, "इंटरेस्ट म्हणजे काय?" त्या म्हणाल्या, "नातवाले अभ्यासात इंटरेस्ट नाही, त्यातला." बरोबर. पण पासबुकात जो ‘इंटरेस्ट’ लिहिलेला असतो, तो व्याज. दुसरीला विचारलं, "प्रिन्सिपल?" ती म्हणाली, "कॉलेजचे मोठे सर." तेही बरोबर. पण कर्जाच्या कागदावर ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल. आमच्यातली एक जण हप्त्याच्या पावतीवर ‘प्रिन्सिपल’ वाचून खरंच म्हणाली होती, "सरांचे पैसे आपन कायले भरायचे?" आम्ही खूप हसलो. मग लक्षात आलं, हसण्यासारखं त्यात काही नाही. हप्त्यातला किती भाग मुद्दलात गेला आणि किती व्याजात, हे त्या दोन शब्दांवरून कळतं. ते कळलं नाही तर आपण वर्षभर भरतो आणि मुद्दल किती उतरलं हे विचारतही नाही.

‘चार्ज’चंही तसंच. मोबाईल चार्ज होतो, बँक चार्ज कापते, साहेब चार्ज घेतात. एकच शब्द, तीन कामं. कोणत्या कागदावर तो बसलाय, त्यावरून त्याची जोडी ठरते.

आता खेळ.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिच्या पेपरात ‘मॅच द पेअर्स’ होतं. ती घरी येऊन म्हणाली, "आई, पाचपैकी पाच आले." मी म्हटलं, "मग या शब्दाचा अर्थ सांग." तिला सांगता येईना. मी म्हटलं, "आत्ता तर जोडी लावलीस." ती म्हणाली, "चार मला येत होत्या, पाचवी उरलेली होती, तीच लावली." तेव्हा मला या खेळातली पहिली खोट कळली. दोन्ही बाजूंना सारखीच संख्या असली, तर शेवटची जोडी फुकट मिळते. म्हणून आमचा पहिला नियम: डावीकडं सहा शब्द असतील तर उजवीकडं आठ अर्थ ठेवायचे. दोन अर्थ फसवे, कुणाचेच नसलेले. मग उरलंसुरलं लावून चालत नाही, विचार करावा लागतो.

त्यासाठी सामान काय लागतं? जुन्या लग्नपत्रिका. आपल्या प्रत्येकीच्या घरात गठ्ठा असतो. टाकवत नाहीत आणि ठेवून उपयोग नाही. त्यांची कोरी बाजू असते, कागद जाड असतो. एका पत्रिकेचे चार तुकडे करा. एका तुकड्यावर इंग्रजी शब्द, वर इंग्रजी अक्षरांत आणि खाली आपल्या अक्षरांत. दुसऱ्या तुकड्यावर अर्थ. लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्या. त्याचाही अभ्यास होतो.

दुसरा नियम: शब्द पुस्तकातून घ्यायचे नाहीत. आपल्या घरातल्या कागदांवरून घ्यायचे. पासबुक, लाईट बिल, औषधाची बाटली, बियाण्याची पिशवी, मोबाईलवर आलेला मेसेज. ‘एलिफंट’ आणि ‘अम्ब्रेला’ आपण पाठ केलं, पण हत्ती काही आपल्या दारात येत नाही. ‘ड्यू डेट’ मात्र दर महिन्याला येते. म्हणजे पैसे भरण्याची शेवटची तारीख. ती ओलांडली की ‘ओव्हरड्यू’, म्हणजे मुदत टळलेली रक्कम.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. शब्दापुढं नुसता एक मराठी शब्द लिहून थांबायचं नाही. पूर्ण वाक्य लिहायचं, आपल्या बोलीत. का, ते सांगते. ‘नॉमिनी’ या शब्दापुढं आमच्यातल्या बहुतेकींनी लिहिलं होतं, ‘वारस’. पण बँकेच्या खात्यात नॉमिनी आणि वारस हे एकच असतात असं नाही. खातेदार गेल्यावर बँक ज्याच्या हातात पैसे देते, तो नॉमिनी. ते पैसे त्यानं कायद्यानं जे वारस असतील त्यांच्या वतीनं घ्यायचे असतात. तो स्वतः वारस असेल तर त्याचाही वाटा, पण फक्त नॉमिनी म्हणून सगळे पैसे त्याचे होत नाहीत. आता ‘नॉमिनी म्हणजे वारस’ अशी जोडी डोक्यात बसलेल्या बाईला, दिराचं नाव नॉमिनी म्हणून आहे हे बघून वाटेल, आपला हक्क गेला. ती भांडायलाही जाणार नाही. एका शब्दाची चुकीची जोडी एवढं करते.

म्हणून अर्थ असा लिहायचा, की तो वाचून ती वस्तू किंवा तो माणूस डोळ्यांपुढं आला पाहिजे. कोण, काय करतो, केव्हा. ‘गॅरंटर’चा अर्थ आमच्या पत्त्यावर असा लिहिलाय: "दुसऱ्यानं घेतलेलं कर्ज त्यानं नाही फेडलं, तर ज्याच्या दारात बँक येते, तो." हा मी सांगितलेला अर्थ आहे, कायद्याच्या पुस्तकातला नाही, पण तो मी जन्मात विसरणार नाही.

चौथा नियम: जुळी भावंडं एका दिवशी घ्यायची नाहीत. ‘डेबिट’ आणि ‘क्रेडिट’. एक म्हणजे खात्यातून पैसे गेले, दुसरं म्हणजे खात्यात पैसे आले. दोन्ही एकदम शिकलं की हमखास घोळ होतो, कोणतं कोणतं तेच कळत नाही. आम्हीही आधी तीच चूक केली. आता काय करतो? पहिल्या आठवड्यात फक्त ‘डेबिट’. मोबाईलवर मेसेज आला की बघायचं, ‘डेबिटेड’ आहे का? आहे, म्हणजे पैसे गेले. ते पक्कं झालं की मग ‘क्रेडिट’. ‘आफ्टर फूड’ आणि ‘बिफोर फूड’ यांचंही तसंच. आधी एक पक्कं करा, दुसरं आपोआप वेगळं दिसतं.

पाचवा नियम: जोड्या लावून झाल्या की खेळ संपला असं समजायचं नाही. तिथून खरा सुरू होतो. समोर शब्दही दिसतोय आणि अर्थही दिसतोय, तेव्हा आपल्याला फक्त ओळखायचं असतं. ओळखणं सोपं. बँकेत उभं राहिल्यावर मात्र समोर फक्त शब्द असतो, अर्थ लिहिलेला पत्ता नसतो. म्हणून जोड्या लावून झाल्या की अर्थाचे पत्ते पालथे घालायचे आणि शब्द बघून अर्थ तोंडानं सांगायचा. नंतर उलट. अर्थ वाचायचा आणि शब्द सांगायचा.

यावर शास्त्रज्ञांनीही काम केलेलं आहे. २००८ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉलेजच्या मुलांना आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेचे ४० शब्द दिले, प्रत्येकापुढं इंग्रजी अर्थ. म्हणजे त्यांनाही जोड्याच! काही मुलांना एकदा आठवलेला शब्दसुद्धा पुन्हा पुन्हा न बघता आठवायला लावला. बाकीच्यांनी, एकदा शब्द आला की तो पुन्हा विचारला नाही. काहींनी तो नुसता वाचत राहायचा, आठवून बघायचा नाही. आठवड्यानं परीक्षा घेतली. आठवत राहिलेल्यांना शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द आले. दुसऱ्यांना साधारण एक तृतीयांश. आणि गंमत म्हणजे, आधी विचारलं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की आपल्याला निम्मे तरी येतील. म्हणजे नुसतं वाचत बसलं की येतंय असं वाटतं. येत नसतं. न बघता आठवावं लागतं.

म्हणून आम्ही दिवस बांधून घेतलेत. आज शिकलेले सहा शब्द आज रात्री झोपताना एकदा आठवायचे. उद्या सकाळी चहा उकळेपर्यंत एकदा. मग दोन दिवस सोडून. मग आठवडी बाजाराच्या दिवशी, रस्त्यानं चालता चालता. जो आठवला नाही, त्याचा पत्ता पुन्हा पुढच्या सहांत घालायचा. आठवड्याला सहा म्हटले, तरी वर्षाला तीनशेच्या वर शब्द होतात. आणि ते सगळे आपल्या कामाचे.

हे जमलं की पुढची पायरी. अर्थ मराठीत लिहिण्याऐवजी सोप्या इंग्रजीतच लिहायचा. हे ऐकून घाबरू नका. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते, तेव्हा ढाका आपल्याच देशात होतं. तिथली मुलं इंग्रजी शब्दाचा अर्थ बघायला शब्दकोश उघडत, तर अर्थच मूळ शब्दापेक्षा अवघड. वेस्ट यांनी १९३५ साली सहकाऱ्याबरोबर एक शब्दकोश काढला. त्यात चोवीस हजारांच्या आसपास नोंदींचे अर्थ फक्त १,४९० सोप्या शब्दांत सांगितले होते. म्हणजे दीड हजारसुद्धा नाही. तेवढे शब्द आले की बाकीच्या हजारो शब्दांचे अर्थ इंग्रजीतूनच कळतात. आज लेकरांच्या दप्तरात इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी असते, तिच्यामागं हाच विचार आहे.

माझ्या मुलीनं मला असा पहिला पत्ता लिहून दिला: ‘विडो: अ वुमन हूज हजबंड इज डेड.’ ज्या बाईचा नवरा वारलाय, ती. आमच्या गटात तिघी जणी अशा आहेत. पेन्शनच्या अर्जावर हा शब्द त्यांनी कितीदा पाहिला होता, पण तो त्यांनी स्वतः कधी वाचला नव्हता. कुणीतरी बोट ठेवून ‘इथं अंगठा’ म्हणायचं. आता त्यातली एक जण म्हणते, "मी वाचते, मग सही करते." त्या शब्दाचं दुःख कमी होत नाही. पण आपल्यासाठी लिहिलेलं आपण वाचतोय, हे वेगळं असतं.

आता दवाखान्याकडं येऊ. औषधाच्या बाटलीवर कधी कधी लिहिलेलं असतं, ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’. म्हणजे फक्त अंगावरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही. हा पत्ता प्रत्येकीच्या घरात पाहिजे. खोकल्याच्या बाटलीवर असतं, ‘शेक वेल बिफोर यूज’. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "वेल म्हणजे विहीर ना?" हो, वेल म्हणजे विहीरही. पण इथं वेल म्हणजे चांगलं. घेण्याआधी बाटली चांगली हलवा. नाही हलवली तर औषध तळाशी बसतं, आणि लेकराला आज कमी, उद्या जास्त जातं.

शेताकडं या. सोयाबीनच्या पिशवीच्या लेबलवर ‘जर्मिनेशन’ लिहिलेलं असतं. म्हणजे शंभर दाणे पेरले तर किती उगवतील. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला कमीत कमी ७० टक्के लागतं. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. पेरणी आपण करतो, बियाण्याला औषध आपण चोळतो, मग तो टॅग वाचायचा कुणी? फवारणीच्या औषधाच्या डब्यावर चौकोन असतो, त्यातला एक त्रिकोण रंगीत. लाल असेल तर ‘पॉयझन’ लिहिलेलं आणि कवटीचं चित्र, ते सगळ्यात जहाल विष. पिवळ्यावरही ‘पॉयझन’. निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. कॉशन म्हणजे जपून. हिरवा आहे म्हणजे बिनधास्त, असं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना किती शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. शब्द वाचता आले असते तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. त्याला खूप कारणं होती. पण आपल्या घरात डबा येतो तेव्हा त्यावरचा शब्द एका तरी बाईला कळला पाहिजे, एवढं आपल्या हातात आहे.

आणि शेवटचा कागद म्हणजे हातातला मोबाईल. बँकेच्या कामात ‘आधार सीडिंग’ हा शब्द आता सगळीकडं ऐकू येतो. ‘सीड’ म्हणजे बी, हे आपल्याला पिशवीवरून माहीत आहे. तर सीडिंग म्हणजे बी टाकणं. आधारचा नंबर खात्यात पेरला, म्हणजे जोडला, की योजनेचे पैसे त्या खात्यात येतात. बघा, शेतातला शब्द बँकेत कामाला आला. आणि कुणी फोन करून म्हणालं, "तुमचे पैसे पाठवलेत, पिन टाका," तर स्क्रीनवर बघा, ‘पे’ लिहिलंय की ‘रिसीव्ह’. पे म्हणजे द्या, रिसीव्ह म्हणजे घ्या. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे आपल्याकडून जाणार आहेत.

आता मनातली गोष्ट. हे सगळं ऐकून तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "या वयात लोक हसतील." हसतील. मलाही हसले. सासूबाई म्हणाल्या, "आता मडम होशील काय व?" पण हे हसणं नवीन नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई इंग्रजी शिकत होत्या, तेव्हा घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे त्यांना रोज ऐकावे लागत. त्यांनीच ते आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, १९१० साली आलेल्या. आणि लांब कशाला जायचं, ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांचं पुस्तक छापलं गेलं. त्यांना वडिलांनी मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीही शिकवलं होतं. त्या काळी या मुलखात एक बाप लेकीला इंग्रजी शिकवतो. आणि आज आपण लेकीकडून शिकायला लाजायचं?

ज्यांची भाषा आहे ते इंग्रजसुद्धा आपल्याकडं आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती. मोल्सवर्थ नावाच्या साहेबांनी मराठी-इंग्रजी कोश केला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द होते. मराठी शब्द एकीकडं, इंग्रजी अर्थ दुसरीकडं. साहेबालाही जोड्याच लावाव्या लागल्या, आणि त्यासाठी आपल्या लोकांना विचारत बसावं लागलं. विचारण्यात कमीपणा असता तर तो कोश झालाच नसता.

आता आजचा खेळ. मी सहा शब्द सांगते आणि आठ अर्थ. सगळे आजच्याच बोलण्यातले आहेत. दोन अर्थ फसवे आहेत, लक्षात ठेवा.

शब्द असे. अ: गॅरंटर. आ: नॉमिनी. इ: कर्जाच्या कागदावरचं प्रिन्सिपल. ई: ड्यू डेट. उ: फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली. ऊ: जर्मिनेशन.

अर्थ असे. १: पैसे भरण्याची शेवटची तारीख. २: ज्याच्या समोर सही झाली, तो साक्षीदार. ३: शंभर दाण्यांतले किती उगवतील ते. ४: दुसऱ्यानं कर्ज नाही फेडलं तर जो फेडतो. ५: कॉलेजचे मोठे सर. ६: फक्त अंगावरून लावायचं. ७: मूळ घेतलेली रक्कम, व्याज सोडून. ८: खातेदार गेल्यावर बँक ज्याच्या हातात पैसे देते.

आत्ता लगेच उत्तर देऊ नका. आधी हातातलं काम उरका. रात्री झोपताना न बघता आठवा. मग उद्या घरातल्या कुणाला तरी, लेकराला नाही तर जावेला, अर्थ सांगून शब्द विचारा. उत्तरं अशी: अ-४, आ-८, इ-७, ई-१, उ-६, ऊ-३. दोन आणि पाच फसवे होते. दोन नंबरच्या अर्थाचा शब्दही मी आज सांगितलाय. तो ज्यांना आठवेल त्यांनी माझ्यासारखे तीन हप्ते वाचवले असं समजा.

आणि एक काम. घरात असलेला कोणताही एक कागद काढा, ज्यावर तुमची सही आहे. त्यावर तुमच्या सहीच्या खाली किंवा वर काय शब्द लिहिलाय, तो बघा. बॉरोअर आहे, विटनेस आहे, गॅरंटर आहे, की नॉमिनी. बॉरोअर म्हणजे कर्ज घेणारा. त्या एका शब्दापासून सुरुवात करा. कळला नाही तर गटाच्या बैठकीत घेऊन या, आपण मिळून त्याची जोडी शोधू.

पुढच्या वेळी लाईट बिलावरचे सहा शब्द घेऊ. बिल जपून ठेवा. नमस्कार.